इंग्रजीच्या पेपरची पुरवणी

"आता तू एक वाक्य बोल," रोहिणी म्हणाली. "पाठ केलेलं नको. तुझं स्वतःचं."

मी स्टोव्हपाशी बसले होते. खूप विचार केला, पण काही सुचेना. माणसाला स्वतःचं म्हणून एक वाक्य सुचू नये याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही.

"डाळ शिजली," मी म्हणाले.

"हां! हे झालं असर्टिव्ह. विधानार्थी. नुसतं सांगितलंस. आता ह्याचंच प्रश्नार्थी कर."

"डाळ शिजली का?"

"आज्ञार्थी?"

"डाळ शिजव."

"उद्गारार्थी?"

डाळ शिजली ह्यात उद्गार कसला काढायचा?

"अगं, काय छान शिजलीय डाळ! असं," रोहिणीनं हात हलवून दाखवलं. "आश्चर्य वाटल्यासारखं म्हणायचं."

"वाटत नाही तर कसं म्हणू?"

ती खडू घेऊन दाराकडे वळली. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या दाराला चार चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत तिनं वाक्याचा एकेक प्रकार लिहून ठेवला होता, वर इंग्रजीत, खाली मराठीत. भाकरी थापताना मान वर केली की समोर तेच दिसायचं. उद्गारार्थीच्या चौकटीत तिनं अजून एक उदाहरण घातलं आणि म्हणाली, "हे उद्या करू. आज तीन आले, खूप झालं."

ही दोन हजार एक सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि दहावीच्या इंग्रजीचा अभ्यास करत होते. माझी मास्तरीण सतरा वर्षांची होती आणि स्वतः बारावीला बसलेली होती.

रोहिणीचे वडील माढा तालुक्यातल्या एका कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे कुणाच्या रानात किती वेळ जायचं ते ठरलेलं असतं. त्याप्रमाणे चारीची, म्हणजे रानाकडे जाणाऱ्या पाटाची, दारं उघडायची आणि लावायची, हे पाटकऱ्याचं काम. त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून जुलैच्या शेवटी पाणी सोडलं होतं. भर दुपारी हे चारीवर गेले, दार उघडलं, बांधावर टेकले आणि पुन्हा उठलेच नाहीत. लोकांच्या लक्षात आलं ते पाणी वेळेवर बंद झालं नाही म्हणून. दुसऱ्या पाळीचा माणूस भांडायला आला होता, त्यानंच सायकलवर येऊन आम्हाला कळवलं.

मी रडले नाही. ठरवून नव्हे, रडूच आलं नाही. भेटायला आलेल्या बायकांनी दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी त्या काळजीत पडल्या. "हिला रडवा बायांनो, नाहीतर डोक्यात जाईल हिच्या," असं एक म्हातारी सारखी म्हणत होती. एकीनं माझ्या पाठीत धपाटे घातले. एकीनं ह्यांचा खाकी शर्ट खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर टाकला. मी शर्टाची घडी घातली.

त्यानंतर सगळं व्यवस्थित चाललं होतं. मी स्वयंपाक करत होते, धुणं धूत होते, कुणी काही विचारलं तर उत्तर देत होते. जिवंत माणसाला जे जे करावं लागतं ते सगळं करत होते. फक्त आत काही हलत नव्हतं.

पंधराव्या दिवशी ह्यांच्या कालव्याच्या ऑफिसातले शेटे भाऊसाहेब घरी आले. सगळ्यांची कागदपत्रं तेच बघायचे. माणूस बोलायला फटकळ, पण मनात काळं नसायचं.

"वहिनी, सरळ सांगतो," ते म्हणाले. "ह्यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळती. एकालाच. वर्षाच्या आत नाव आणि कागद पुरे करायला पाहिजेत, नंतर माझ्या हातात काही राहत नाही. आणि जी जागा रिकामी आहे तिला दहावी पास लागतं. तुमचं शिक्षण?"

"दहावी नापास. इंग्रजीत."

"मग पोरीचं नाव टाका. येत्या मेमध्ये अठराची होईल की. हुशार आहे, चिकटून जाईल."

रोहिणी आतून चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला.

"आईचं टाका," ती म्हणाली. "आई मार्चमध्ये इंग्रजी देईल. जूनमध्ये निकाल लागतो. जुलैच्या आत कागद मिळतो का नाही तुम्हाला?"

"मिळतो. पण पास झाली तर."

"होईल. मी शिकवते."

शेटेंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी मान हलवली असती.

रोहिणीला डी.एड. करायचं होतं. आठवीत असल्यापासून तिचं एकच होतं, मी मास्तरीण होणार. कॉलनीतली पाच-सहा लहान पोरं रोज आमच्या पायरीवर पाटी घेऊन बसायची आणि ही त्यांना उजळणी शिकवायची. ह्यांना त्याचं फार कौतुक. पोरं बसली असली की हे मागच्या दारानं घरात यायचे, शाळेत व्यत्यय नको म्हणून. मी पास झाले तर मी ऑफिसात जाणार, क्वार्टर राहणार आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी डी.एड.ला जाणार. मी नापास झाले तर ती ऑफिसात. तिसरी वाट नव्हती. सासरी जमीन नाही, माहेरी भावाच्याच घरात सहा तोंडं.

खोटं कशाला बोलू, ती फार चांगली शिकवायची. मला शाळेत इंग्रजी शिकवलं होतं ते छडी घेऊन. वाक्याचे प्रकार म्हणजे पाठ करायच्या चार व्याख्या, ह्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. रोहिणीनं व्याख्या पहिल्याच दिवशी बाजूला ठेवल्या.

"बघ, तुला शेजारणीला सांगायचंय की पाणी आलं, तर काय म्हणशील? पाणी आलं. तुला माहीत नाही आणि विचारायचंय, तर? पाणी आलं का? बाबा चारीवरच्या माणसाला काय म्हणायचे? पाणी सोड. आणि पहिल्यांदा कालव्याला पाणी येतं तेव्हा पोरं काय ओरडतात? केवढं पाणी! झालं. चार गरजा, चार प्रकार. इंग्रजांच्याही ह्याच गरजा. त्यांचे शब्द जरा इकडचे तिकडे बसतात, एवढंच."

'बाबा' म्हटल्यावर ती क्षणभर थांबली. मग तीच पुढे गेली.

असं रोज संध्याकाळी चालायचं. ती मला वाक्य द्यायची, मी त्याचा प्रकार सांगायचे, मग एकातून दुसऱ्यात बदलायचं. पहिला महिना माझं डोकं चालेना. नंतर चालायला लागलं, तेही कसं, तर सवयीनं हात चालतात तसं. डिसेंबरात मी तिला एक गोष्ट सांगितली. म्हणजे माझ्याच लक्षात आली म्हणून सांगितली.

"आपल्या घरात सध्या एकच प्रकार चालतो," मी म्हणाले. "जेव. झोप. दार लाव. अभ्यास कर. दिवसभर मी एवढंच बोलते."

रोहिणीनं वहीतून डोकं वर काढलं. तिचे डोळे भरले होते. "बरोबर आहे आई," ती म्हणाली. "म्हणजे तुला समजलंय."

ती स्वतःचा अभ्यास पहाटे उठून करायची. जानेवारीत तिला ताप आला, तरी पांघरुणातून मला वाक्यं घालत होती. मी एखादं चुकले की रागवायची नाही. "थांब, माझंच सांगायचं चुकलं असेल," म्हणायची आणि तेच दुसऱ्या वाटेनं समजावायची. पुढे ह्याच सवयीनं घात केला, पण तेव्हा ते कुणाला कळणार?

फेब्रुवारीत व्याकरण पक्कं झालं. अगदी उद्गारार्थीसुद्धा. आश्चर्य वाटत नव्हतं ते नव्हतंच, पण लिहिता येत होतं. परीक्षेला तेवढं पुरतं. मग तिनं निबंध काढला.

"दरवर्षी फिरून फिरून हाच येतो," ती म्हणाली. "माझ्या आयुष्यातला न विसरता येणारा दिवस. एक सहल पाठ करून टाक. विषय थोडा बदलला तरी सहल कुठंही बसते."

सहल तिनंच रचली. आम्ही धरणावर गेलो. मी डबा केला. रोहिणीनं फुलं तोडली. माझ्या नवऱ्यानं गाणं म्हटलं. किती गोड आवाज होता त्याचा! दहा-बारा वाक्यं होती, आणि त्यात मुद्दाम चारही प्रकार घातले होते.

"हे कुठं गात होते?" मी विचारलं.

"अगं, परीक्षेत कोण बघायला येतंय?"

"आणि धरणावर तरी कुठं गेलो होतो आपण?"

"आई," ती म्हणाली, "पाठ कर."

मी पाठ केलं. मला त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी कुटुंब सहलीला गेलं होतं.

"आणि एक लक्षात ठेव," पेपरच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवून सांगितलं. "ग्रामर आधी. पहिला तास ग्रामर आणि उताऱ्यावरचे प्रश्न. ते मार्क कुणाच्या बापाला कापता येत नाहीत. तेवढ्यातच तू पास होतेस. निबंध शेवटी, वेळ उरला तर. नाही लिहिला तरी चालेल."

"बरं."

"म्हणून दाखव."

"ग्रामर आधी. निबंध शेवटी."

परीक्षेचं केंद्र तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात होतं. रोहिणीचा त्या दिवशी पेपर नव्हता, ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एकदम हशा पिकला. शेजारची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "काकू, खरंच तुमचा नंबर हाय का इथं?" मी तिला हॉलतिकीट दाखवलं. बाक लहान होता, गुडघे वर आपटत होते.

पेपर हातात आला. मी आधी शेवटपर्यंत वाचून काढला, रोहिणीनं तसंच सांगितलं होतं. व्याकरणाचा प्रश्न सोपा होता. वाक्यं बघितल्या बघितल्या मला त्यांचे प्रकार दिसत होते, ह्याचं त्याच्यात कसं बदलायचं तेही दिसत होतं. सहज सुटणारं होतं सगळं. मग शेवटच्या पानावर निबंध होता. न विसरता येणारा दिवस.

तीन तास होते. माझ्या मनात आलं, सहल ताजी पाठ आहे, ती आधी उतरवून टाकू. व्याकरण कुठं पळून जात नाही, ते डोक्यात पक्कं आहे. सहल मात्र थोड्या वेळानं विसरेन. बाकी काही नाही, एवढाच विचार केला.

मी लिहायला लागले. धरणावर गेलो. डबा केला. फुलं तोडली. चौथं वाक्य गाण्याचं होतं. 'माय हजबंड' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

हे गात नव्हते. आयुष्यात कधी गायले नाहीत. आरतीलासुद्धा नुसते टाळ्या वाजवायचे. मी 'सँग' हा शब्द लिहायला गेले आणि हात पुढे जाईना. खोटं लिहायला मला काही अडचण नव्हती, धरणाची सहलसुद्धा खोटीच होती. पण ते एक वाक्य लिहिता येईना. मी लिहिलं, 'ही डिड नॉट सिंग.' तो गात नव्हता.

इंग्रजीत त्यांना अहो-जाहो नव्हतं. नुसता 'ही'. अठरा-एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी 'तो' म्हटलं नव्हतं. ते लिहिल्यावर समोर एक साधा माणूस उभा राहिला, ज्याला मी ओळखत होते.

मग मी त्याच्याबद्दल लिहिलं. तो रोज बाहेरच्या नळावर पाय धुऊन घरात यायचा. त्याच्या टाचांना भेगा होत्या. तो चहा बशीत ओतून प्यायचा आणि शेवटचा घोट ठेवायचा, का ते मी कधी विचारलं नाही. त्याला मांजरं आवडत नव्हती, पण हाकलायचा नाही. मुलं पायरीवर शिकत असली की मागच्या दारानं यायचा. मराठीत त्याच्याबद्दल सगळ्यांनी सगळं बोलून टाकलं होतं. देवमाणूस होता, सोन्यासारखा संसार होता, नशीब फुटकं. माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. इंग्रजीत मला दोन-अडीचशे शब्द येत होते आणि त्यांत देवमाणूस नव्हता. पाय होते, नळ होता, दार होतं, चहा होता. मला तेवढे पुरले.

पानं भरली. मी हात वर केला आणि पुरवणी मागितली. पर्यवेक्षक बाईंनी आश्चर्यानं बघितलं. इंग्रजीच्या पेपरला त्या वर्गात दुसरं कुणी पुरवणी मागत नव्हतं.

पुरवणीवर मी त्या दुपारचं लिहिलं. तो जेवायला आला. अर्धी भाकरी टाकून उठला. छाती भरल्यासारखी वाटते म्हणाला. मी म्हणाले, पडा थोडं. तो म्हणाला, पाळी आहे, पाण्याची वाट बघत असतील लोक. तो दारात घुटमळला. परत म्हणाला, जाऊ का नको? तेव्हा माझे हात पिठात होते, उकाडा होता, आणि त्याचं हे जाऊ का नको, करू का नको मला नेहमी वैताग आणायचं. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी लिहिलं, 'आय सेड, गो.'

जा म्हणाले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. इंग्रजीत ते दोन अक्षरांचं होतं, लिहायला वेळ लागला नाही.

मग मला रडू फुटलं. आवाज न करता, पण थांबवता येईना असं. सात महिन्यांचं सगळं एकदम आलं. पाणी गळ्यात, पदरावर, कागदावर. शेजारची मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. पर्यवेक्षक बाई आल्या, वाकून हळूच म्हणाल्या, "पेपर अवघड गेला का हो? पाणी देऊ?" मी मान हलवली. पाणी प्यायले आणि पुन्हा लिहायला लागले. दुसरी पुरवणी घेतली. काय लिहिलं ते सगळं आता आठवत नाही. किती वेळा 'ही' लिहिलं असेल, किती चुका असतील. तिथं मी विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार असं काही बघितलं नाही, पण सगळेच आले असणार. तो का विचारत होता? मी का नाही म्हटलं थांबा म्हणून? हेही लिहिलं, एवढं आठवतं.

शेवटची दहा मिनिटं उरल्याची घंटा झाली तेव्हा मी भानावर आले. व्याकरणाचा प्रश्न कोरा होता. उतारे कोरे होते. मी घाईनं दोन-चार उत्तरं लिहिली. त्यात चारही प्रकारांचं एकही वाक्य नव्हतं, तिथपर्यंत पोचलेच नाही. बाईंनी पुरवण्या बांधायला दोरा दिला. गाठही त्यांनीच मारली.

बाहेर ऊन होतं. फाटकापाशी रोहिणी उभी होती, हातात उसाच्या रसाचा ग्लास. मला इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. आणि भूक लागली होती. कित्येक महिन्यांनी खरी भूक लागली होती.

"ग्रामर आधी केलंस ना?" तिनं विचारलं.

"हो."

"आले होते चारही प्रकार?"

"आले होते."

"जमले?"

मी रस पीत होते. "जमले," मी म्हणाले.

ती माझा चेहरा बघत होती. मग हसली. "मला वाटलंच. तुझा चेहराच बदललाय बघ आई. किती दिवसांनी!"

तिचा तो आनंद मला मोडवेना. घरी जाऊन सांगू म्हटलं. घरी गेल्यावर उद्या सांगू म्हटलं. मग म्हटलं, कदाचित निबंधाचेच मार्क चांगले देतील. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

तिचा बारावीचा निकाल आधी लागला. अठ्ठ्याहत्तर टक्के. डी.एड.चा फॉर्म तिनं निकालाच्या आठवड्यातच आणला, भरला, फोटो चिकटवला आणि पेटीत ठेवला. माझा निकाल आणायला तीच गेली. दुपारी एसटीनं परत आली, चपला काढल्या, तांब्यानं पाणी प्यायली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"सव्वीस," ती म्हणाली.

मी कागद घेतला. बघितला. खाली ठेवला.

"असं कसं होईल?" ती म्हणाली. "ग्रामरच वीस मार्कांचं. उतारे वेगळे. काहीतरी चुकलंय त्यांचं. आई, आपण तपासायला टाकू. फॉर्म भरला की पेपर पुन्हा काढून बघतात. मी उद्याच जाते."

पेपर पुन्हा काढून बघतात, हे ऐकल्यावर मला तो कागद दिसला. कुणीतरी अनोळखी माणूस तो उघडणार, वाचणार, रोहिणीला सांगणार की व्याकरण कोरं आहे बाई, पण ह्या दोन पुरवण्या बघ. आणि त्यात लिहिलेलं, मी म्हणाले, जा.

"नको," मी म्हणाले.

"का?"

"कशाला उगीच. मला जमलंच नव्हतं."

"जमलं नव्हतं? घरी तर सगळं येत होतं तुला. मी उठता बसता विचारत होते."

"येत होतं कुठलं. पाठ करून म्हणत होते. मला ते कळलंच नव्हतं कधी."

हे मी बोलले. मला आधी सुचलं नव्हतं, बोलता बोलता तोंडातून आलं. आणि एकदा आल्यावर ते खरंच वाटायला लागलं.

रोहिणी खाली बसली. "मग सांगायचं नाही का?"

"तू एवढी जीव तोडून शिकवत होतीस. म्हटलं, कशाला तुला वाईट वाटू द्यायचं."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. ती माझ्यावर रागवेल असं मला वाटलं होतं. रागवली असती तर बरं झालं असतं, कदाचित त्या भरात माझ्याही तोंडून खरं निघालं असतं. पण ती रागवली नाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझं नाही चुकलं आई," ती म्हणाली. "माझं चुकलं. समोरच्याला कळलंय का नाही, हेच मला कळत नाही. सहा महिन्यांत एका माणसाला चार वाक्यं शिकवता आली नाहीत मला. मी कसली चाळीस पोरांचा वर्ग घेणार?"

मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. एक वाक्य बोलायचं होतं. तू मला शिकवलं होतंस, मला सगळं येत होतं. त्यावर ती विचारणार, मग लिहिलं का नाहीस. त्यावर मी काय सांगणार होते?

"भूक लागली असेल तुला," मी म्हणाले. "ताट करते."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेटे भाऊसाहेबांनी तिचं नाव टाकलं. सप्टेंबरात ती ऑफिसात लागली. नोकरी वाईट नव्हती, नोकरीवर आमचं घर उभं राहिलं, हे मी नाकारत नाही. पायरीवर येणारी पोरं तिनं दुसऱ्या बाईंकडे पाठवून दिली. पुढे ती बाहेरून बी.ए. झाली. शेटेंनी तेव्हा स्वतःहून तिला म्हटलं होतं, पोरी, बी.एड. कर, रजेचं मी बघतो, तुझं मन त्यात आहे हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. ती हसून म्हणाली, "नको भाऊसाहेब. मला शिकवता येत नाही. बघितलंय मी करून." मी तिथंच उभी होते, तिचा डबा घेऊन गेले होते.

आता तिची मुलगी मनवा सातवीत आहे. गेल्या महिन्यात ती इंग्रजीची वही घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, मम्मी, हे वाक्यांचे प्रकार समजावून सांग ना, उद्या चाचणी आहे. रोहिणी कणीक मळत होती.

"ट्यूशनच्या मॅडमना विचार," ती म्हणाली. "मला नाही येत शिकवता. माझी एकच विद्यार्थिनी होती आयुष्यात, तीही नापास झाली. खोटं वाटत असेल तर आजीला विचार."

ती हसत होती. तिच्या मनात आता काही नसतं, इतक्या वर्षांनी गंमतच झालीय त्याची. मनवाही हसायला लागली आणि वही छातीशी धरून माझ्याकडे वळली.

"खरंच आजी?"

वहीचं पान मला बसल्या जागेवरून दिसत होतं. दहा वाक्यं होती. दहाही मला येत होती.

"हो गं," मी म्हणाले. "शंभरातले सव्वीस."

आणि त्या दोघी पुन्हा हसल्या.